सूर्यास्तापर्यंतचं कार्ड

ओझेला पिंडरने इस्त्री केलेला टेबलक्लॉथ उलगडला की कागद उलगडल्यासारखा करकर वाजायचा. आणि तिने काढलेली चित्रं न्यायला मोटारीच्या डिकीत आडव्या पट्ट्या ठोकून खाचा कराव्या लागायच्या, कारण ती कधी वाळलेली नसायचीच. यातली पहिली गोष्ट अख्ख्या हेरन बेटाला ठाऊक होती, दुसरी तिथे कुणालाच नाही.

फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्याला समांतर पसरलेलं हे लांबट, चिंचोळं बेट. बेटाच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला मैलभर रुंदीचं खारं पाणी. त्या पाण्याला सगळे नदीच म्हणायचे. नदीच्या पश्चिमेला टार्पन लँडिंग गाव. बेटावर गोऱ्यांचे हिवाळी बंगले आणि क्लब. गावात मासे धुरवण्याच्या भट्ट्यांना लागून काळ्यांची वस्ती, कारण तो वास सोसून तिथे राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. मधे लाकडी पूल. सकाळी सातला वस्तीतली बस बायकांना बेटावर सोडायची आणि पाचला परत आणायची. प्रत्येकीच्या पर्समध्ये एक पिवळं कार्ड. कार्डावर फोटो, मालकिणीचं नाव, आणि खाली ठळक छापलेलं: सूर्यास्तापर्यंत. त्यानंतर बेटावर दिसलं तर कार्ड जप्त आणि रात्र कोठडीत. मग बेटावर पुन्हा काम नाही, कुठल्याच घरी नाही.

ओझेला अकरा वर्षं त्या बसने जात-येत होती. वय अठ्ठेचाळीस, अंगाने भरलेली, हाताच्या पंजावर इस्त्रीचे चार जुने चटके. चित्रकला तिच्याकडे आली ती कचऱ्याच्या वाटेने. एका हिवाळ्यात मिसेस हॉलब्रुकना चित्रं काढायचं वेड लागलं. उत्तरेकडून एक मास्तर आले, व्हरांड्यात चित्र टेकवायचा लाकडी घोडा मांडला गेला, नळ्या-कुंचल्यांची लाकडी पेटी आली. महिनाभर मास्तर शिकवत होते आणि ओझेला शेजारच्या खोलीत चांदीचे चमचे घासत होती. तिने चमचे इतके सावकाश कधीच घासले नव्हते. आधी गडद, मग उजेड. पातळ रंगावर जाड रंग, जाडावर पातळ नाही. झाडाला नळीतला काळा लावू नका, मेलेलं दिसतं. तपकिरी आणि निळा मिसळा. महिन्याने मिसेस हॉलब्रुकना कंटाळा आला. "टाकून दे गं ती पेटी, टर्पेंटाइनने डोकं चढतं माझं," त्या म्हणाल्या. ओझेलाने पेटी उचलली, पण टाकली मात्र नाही.

कॅनव्हास कुठला परवडायला! घरांच्या छताला आतून मारतात तो जाड पुठ्ठ्याचा बोर्ड तिने घेतला. त्याला चपडीच्या लाखेचे दोन हात, वर पांढऱ्याचा एक. अंगणात एक वाकडा ओक होता. कधीकाळच्या वादळाने तो नदीकडे कलला आणि तसाच राहिला. त्याच्या बुंध्याला आणि शेजारच्या खांबांना ओळीने चार बोर्ड ठोकायचे. आधी चारही आभाळं, मग चारही पाणी, सगळ्यात शेवटी झाडं. झाडांच्या कडा ती लोणी लावायच्या सुरीने ओढायची. मनासारखं झालं की ओल्या रंगात खिळ्याने कोपऱ्यात कोरायची: ओ. पिंडर. सुतारकामातल्या उरलेल्या पट्ट्यांची चौकट तिचा नवरा थॅडियस करून द्यायचा. तो दिवसभर भट्टीवर बोई मासा धुरवायचा. चित्रांनासुद्धा धुराचा थोडा वास यायचा म्हणतात.

विकायचं काम ज्युनियर गिब्जचं. नावाला ज्युनियर, वय साठ. जुनी मोटार घेऊन तो मोटेलं, दवाखाने, वकिलांची ऑफिसं फिरायचा. सगळ्यात जास्त खपायचा 'नदीवरचा सूर्यास्त': पेटलेलं आभाळ, खाली पाणी, पलीकडच्या काठावर काळी सुरूची झाडं. वस्तीत आणखी पाच-सहा जण चित्रं काढायचे. सगळ्यांचा सूर्यास्त तसाच.

१९५७च्या जानेवारीतली दुपार. मिसेस हॉलब्रुककडे पत्त्यांचा डाव होता. व्हरांड्यात चार बायका, लिंबू सरबत, आणि मधेच उगवलेले कॅप्टन लॅथ्रॉप. बोटीवरून निवृत्त झालेला हा पांढऱ्या मिशांचा माणूस क्लबचा चिटणीस होता. त्यांच्या काखेत एक चित्र. ओझेला सरबताचा ट्रे घेऊन दारात आली आणि तिने ते ओळखलं. तिचंच, महिन्यापूर्वीचं.

"क्लॅरा, हे बघ," ते मिसेस हॉलब्रुकना म्हणाले, "क्लबच्या नव्या हॉलसाठी घेतलं. मोटारीतून विकत होता एकजण. म्हणाला, नदीवरचा सूर्यास्त. भिंतीवर टांगलं, मागे सरकून बघितलं आणि हसत सुटलो!"

"का? छान तर आहे."

"झाडं बघ ना!"

"सुरूची आहेत."

"अगं, कुणाची सुरू? आपली! तू आत्ता ज्यांच्या सावलीत बसली आहेस तीच. गावच्या काठाला एक तरी सुरू आहे का? आपल्या झाडांमागे सूर्य बुडतो की उगवतो?"

बायकांनी पत्ते खाली ठेवले. एकीच्या लक्षात आलं, मग दुसरीच्या, आणि व्हरांडाभर हसू फुटलं.

"म्हणजे ही पहाट आहे होय!"

"पहाट! बसमध्ये बसून बघितलेली. आणि नाव काय, तर सूर्यास्त."

"त्यांचा तरी काय दोष," सगळ्यात वयस्कर बाई डोळे पुसत म्हणाली. "सूर्यास्ताला ते इथे असतात कुठे?"

"ओ. पिंडर," कॅप्टननी चष्मा लावून कोपरा वाचला. "कोण हा बुवा आहे, त्याला एकदा इथे खुर्ची टाकून बसवायला पाहिजे."

"बसवा की. खुर्चीसकट उचलून नेईल पोलीस!"

ओझेलाने ट्रे टेबलावर ठेवला. अकरा वर्षांत तिचं आडनाव त्या घरात कुणाला लागलंच नव्हतं. तिने पाच पेले भरले. एक थेंब सांडला नाही.

"थँक यू, ओझेला," मिसेस हॉलब्रुक पत्त्यांकडे बघत म्हणाल्या.

त्या संध्याकाळी ती घरी आली, पर्स खुंटीला अडकवली, आणि अंगणात जाऊन वाळत ठेवलेले सगळे बोर्ड ओट्यावर मांडले. थॅडियस भट्टीवरून आला तेव्हा त्याला बसायला पायरी उरली नव्हती.

"पाहुणे येणारेत का?"

"मोज."

"पंधरा."

"पंधरा सूर्यास्त. आणि पंधराही सकाळचे." तिने दुपारची हकीकत सांगितली. सरबताच्या पेल्यांपर्यंत सगळी.

थॅडियसने टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हातारा बरोबरच बोलला की मग."

"म्हणून तर जिवाला लागलंय ना! खोटं बोलला असता तर सोडून दिलं असतं मी."

चूक तिची एकटीची नव्हती. अख्ख्या वस्तीची होती, आणि इतकी जुनी की चूक आहे हेच कुणाला दिसत नव्हतं. नदीवर लाल आभाळ त्यांना भेटायचं ते सातच्या बसमध्ये, बेटाच्या सुरूमागून वर येताना. गिऱ्हाइकाला संध्याकाळ हवी असते म्हणून तीच सकाळ ते संध्याकाळ म्हणून विकत आले. नदीवरची खरी संध्याकाळ बघायची तर पूर्वेच्या काठावर उभं राहायला हवं. आणि त्या काठावर उभं राहायची त्यांची वेळ पाचला संपायची.

दुसऱ्या दिवशी ज्युनियर चित्रं न्यायला आला, तर ओझेलाने हात आडवा घातला.

"मिस ओझेला, असं काय करता! मोटेलवाल्याला सूर्य चढतोय की उतरतोय याच्याशी काय करायचंय? सोफ्याच्या कापडाला शोभलं की झालं."

"त्याला नसेल करायचं. मला करायचंय."

"मग तळ्यावर जा रानातल्या. तिथेही बुडतो सूर्य."

"मी तळं नाही काढत, ज्युनियर. मी नदी काढते."

"बरं बाई," ज्युनियरने डिकी बंद केली. "तुमच्या डोक्यात शिरलं की ते काढायला देवालाच यावं लागतं खाली."

थॅडियसने आपल्या परीने उपाय केला. शनिवारी भट्टीच्या मालकाची होडी मागून आणली आणि तिला नदीच्या मध्यापर्यंत वल्हवत नेलं. होडीत बसायला कार्ड लागत नव्हतं. वारा होता, पाणी तोंडावर उडत होतं, होडी पाळण्यासारखी हलत होती. सूर्य गेला, आणि ओझेलाच्या हाती आलं ते एक लाल पुसट फडकं.

"दिसलं?" थॅडियसने आशेने विचारलं.

"डोळा पाण्याला चिकटतो रे इथे. टेबलाखाली बसून टेबलावरचं जेवण बघावं, तसं झालं."

"मग? उंचावरूनच बघायचं? बेटावरून?"

ती बेटाकडे बघत होती. थॅडियस वल्हवायचा थांबला.

"ओझी, हे बघ. कार्ड गेलं तर काम गेलं. ते जाऊ दे. पण कोठडीत काय करतात ते तुला मी सांगायला नको."

"नको सांगूस."

"म्हणजे तू ऐकणार नाहीस."

"मी अकरा वर्षं त्यांच्या चादरींच्या कडा सरळ करते आहे, थॅड. ते माझ्या चित्राला हसले, आणि हसण्यासारखं त्यात खरंच होतं. ते मला घालवायचंय. चोरून नाही, पाण्यात लपून नाही. पायांवर उभी राहून बघणार मी."

थॅडियसने तोंड फिरवलं आणि होडी वळवली. रात्री जेवताना मात्र त्याने स्वतःच्या ताटलीतला बोईचा मोठा तुकडा तिच्या तुरीच्या दाण्यांच्या भातावर ठेवला, आणि ओझेलाला समजायचं ते समजलं.

तिने बुधवार निवडला. मंगळवारी बेटाच्या दिशेने पाऊस होऊन गेला होता, आभाळ धुतलेलं होतं, आणि वर थोडे विस्कटलेले ढग होते. कोऱ्या आभाळाचा सूर्यास्त फुकट जातो, रंग धरायला काहीतरी लागतं, हे तिला ठाऊक होतं. पहाटे पाचला उठून तिने क्लबच्या चादरी धुतल्या. क्लब आपले कपडे धुवायला वस्तीत पाठवायचा आणि ते काम बरीच वर्षं तिच्याच अंगणात होतं. ओकपासून खांबापर्यंत दोरीवर सात चादरी पसरल्या आणि ती बसला गेली.

पाच वाजता मिसेस हॉलब्रुकच्या मागच्या दारातून ती बाहेर पडली. बस उभीच होती. शेजारच्या बंगल्यात स्वयंपाक करणारी फ्लॉसी खिडकीतून ओरडली, "अगं चल लवकर, माझे पाय तुटलेत!"

"तू हो पुढे. मी चालत येते."

"चालत? पूल मैलभर आहे! काही विसरलीस का?"

"विसरले नाही. बघायचंय."

फ्लॉसीने तिच्याकडे बघितलं, मग पश्चिमेकडे बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला. वस्तीत ही गोष्ट आता सगळ्यांना माहीत होती. "ओझी, वेडेपणा करू नकोस. माझ्या आईची शपथ."

"थॅडला सांग, भात झाकून ठेव."

बस गेली. ओझेला रस्त्याच्या कडेने, घाई न करता, पुलाच्या तोंडापाशी आली. तिथे बेटाचा काठ उंच होता, दगडांनी बांधलेला. ती कठड्यापाशी उभी राहिली, पर्स दोन्ही हातांत धरून, चर्चमध्ये उभी राहायची तशी.

पुलापाशी पोलिसाची चौकी होती. आतला तरुण शिपाई दहा मिनिटं तिच्याकडे बघत राहिला. मग बाहेर आला.

"ए पोरी. बस गेली."

तो तिचा मुलगा शोभेल एवढ्या वयाचा होता. "हो सर. मी चालत जाणार आहे."

"मग चालायला लाग."

"लागेन सर. अजून बुडाला नाही."

"काय?"

"सूर्य. कार्डावर सूर्यास्तापर्यंत लिहिलंय."

त्याने तिचं कार्ड मागून घेतलं, वाचलं, उलटून पाठीमागे बघितलं. पाठ कोरी होती. त्याला हे आवडलं नाही, पण छापलेलं होतं. "पाच पन्नासला होतो सूर्यास्त," घड्याळ बघत तो म्हणाला. कार्ड त्याने परत दिलं आणि तिथेच उभा राहिला.

सूर्य गावावर उतरत होता. ओझेलाला पहिली गोष्ट दिसली ती ही की संध्याकाळ सकाळसारखी नव्हतीच. सकाळचं आभाळ लिंबाच्या सालीसारखं स्वच्छ पिवळं असतं. हे आभाळ मळलेलं होतं. दिवसभराची धूळ, संत्र्यांच्या बागांमधला पाचोळा जाळल्याचा धूर, माशांच्या भट्ट्यांचा धूर, सगळं वर चढून बसलं होतं. आणि त्या मळामुळेच लाल इतका लाल झाला होता. स्वच्छ हवेत हा रंग येणारच नाही. चित्रं काढायला लागल्यापासून आठ वर्षं ती आभाळ धुऊन काढत होती, कपडे धुवावे तसं. तिथेच चुकत होतं.

सूर्याची कड झाडांना टेकली. अर्धा बुडाला. नखाएवढी कड उरली. गेली.

"झालं," शिपाई म्हणाला. "पाच एक्कावन्न. चल."

"नाही सर."

"काय म्हणालीस?"

"रंग आता येणार आहेत. सूर्य असतो तोवर डोळे दिपतात. खरे रंग तो गेल्यावर येतात, पाव तास राहतात. मास्तरांनी सांगितलं होतं मिसेस हॉलब्रुकना. त्या ऐकत नव्हत्या, मी ऐकत होते."

"हे बघ, मी तुला सांगतोय. मला कार्ड घ्यावं लागेल."

ओझेलाने आभाळावरची नजर काढली नाही. पर्स उघडली, कार्ड चाचपून काढलं आणि हात बाजूला लांब केला. "घ्या."

त्याने लगेच घेतलं नाही. कार्ड मागितल्यावर रडणारी माणसं त्याने बघितली होती, हात जोडणारी बघितली होती. पुढे धरलेल्या कार्डाचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मग त्याने ते घेतलं.

"माझ्याबरोबर कोठडीत यावं लागेल तुला."

"येईन सर. पाव तासाने."

आणि रंग आले. आधी खालून, भट्टीतल्या निखाऱ्यावर फुंकर घातल्यासारखे. ढगांच्या पोटाला शेंदरी लागला, मग किरमिजी, कडा मात्र जांभळट राखी. पाण्यात तेच, पण एक हात गडद, आणि लाटांच्या खोबणींत वरच्या आभाळाचा निळा अजून शिल्लक. ओझेला ओठातल्या ओठात मोजत होती: तळाला गेरू, त्यावर शेंदरी पातळ, किरमिजी बोटाने. झाडं काळी नव्हतीच. मधे तपकिरी-निळी होती आणि कडेला उजेडाने त्यांना खाल्लं होतं. बारीक फांद्या तर दिसतच नव्हत्या, सगळ्या पेटलेल्यात बुडालेल्या.

मग तिने झाडं नीट बघितली. दोन उंच पाम, शेजारी टोकदार काहीतरी. तो चर्चचा कळस. डावीकडे तीन धुरांच्या रेघा. त्या भट्ट्या. आणि त्यांच्या मधोमध, आभाळाच्या सगळ्यात तापलेल्या भागासमोर, नदीकडे कललेलं एक वाकडं झाड.

"अगंबाई," ओझेला म्हणाली.

"काय झालं?" शिपायानेही तिकडे बघितलं.

"तो माझा ओक आहे."

अकरा वर्षं ती त्यांना सरबत देत होती, आणि ते रोज संध्याकाळी व्हरांड्यात बसून तिच्या अंगणाकडे बघत होते. ओकच्या बुंध्याशी, अगदी खाली, फिकट गुलाबी ठिपक्यांची एक ओळ होती. तिने मोजली. सात.

शिपायाने तिला कोठडीत नेलं नाही. वरिष्ठांना रात्रीच्या जेवणावरून कोण उठवणार, एवढाच विचार त्यात असेल. त्याने तिला पुलावर घातलं आणि मोटार घेऊन मागून निघाला. दिवे लावून, पावलाच्या वेगाने. भोंगा वाजवायचा, पुढे रेटायचा, पुन्हा मागे पडायचा. दिव्यांमुळे ओझेलाची सावली पुढे लांबच लांब पडली होती, अर्ध्या पुलापर्यंत. पर्सची कडी खुळखुळत होती, पण तिने पावलं भरभर उचलली नाहीत. मैलभर ती आपल्या नेहमीच्या चालीने चालली.

पलीकडच्या टोकाला थॅडियस, फ्लॉसी, आणि बसमधल्या सगळ्या बायका कंदील घेऊन उभ्या होत्या. कुणीच घरी गेलं नव्हतं.

"दिसलं?" थॅडियसने विचारलं.

"बोलू नका कुणी माझ्याशी," ओझेला म्हणाली. "रंग सांडतील."

दाराला मारायला आणलेला चार फुटी बोर्ड तिने भिंतीला टेकवला आणि त्याच कपड्यांनिशी कामाला लागली. तिला तीन आठवडे लागले. एका दिवसात चार चित्रं काढणाऱ्या बाईला एका चित्राला तीन आठवडे! आभाळाला तिने भट्टीची काजळी जवसाच्या तेलात खलून अगदी विरळ फिरवली. ज्युनियर कपाळाला हात लावून म्हणाला, "स्वच्छ आभाळावर काजळी? नशीबच काळं करता की हो!" दुसऱ्या दिवशी त्यावर शेंदरी चढला तेव्हा तो पेटीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही. "मिस ओझेला," शेवटी तो म्हणाला, "आपण सगळे इतकी वर्षं काय काढत होतो हो?"

"सकाळ," ओझेला म्हणाली. "ती पण वाईट नव्हती."

कोपऱ्यात तिने खिळ्याने पूर्ण नाव कोरलं. ओझेला पिंडर.

चित्र तिने चर्चच्या मागच्या जेवणघरात लावलं, पूर्वेच्या भिंतीवर. लोक सूर्यास्त बघायचे आणि मग एकमेकांना झाडं दाखवायचे. "ते माझं घर, त्या पामच्या मागे." "तुझं कसलं, तुझं दिसतच नाही." "दिसत नाही, पण आहे."

मिसेस हॉलब्रुक मार्चमध्ये आल्या, आणि सोबत कॅप्टन. नव्या बाईने त्यांचे दोन टेबलक्लॉथ जाळले होते. मोटार वस्तीत शिरली तशी दारं-खिडक्या भरल्या. ओझेलाच्या घरी गेल्या तर फ्लॉसीने चर्चकडे बोट दाखवलं. ओझेला जेवणघरात रविवारसाठी रताळी सोलत होती.

"ओझेला, मी सगळं बोलून ठेवलंय. कार्ड परत मिळेल. तू फक्त एकदा माफी..." मिसेस हॉलब्रुक तिथेच थांबल्या. त्यांची नजर भिंतीवर गेली होती. "हे... हे तर माझ्या व्हरांड्यातून दिसतं!"

कॅप्टन भिंतीशी गेले. चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. दोन पामपाशी बोट नेलं, कळसापाशी नेलं, पण टेकवलं नाही. मग खालचा कोपरा वाचला आणि सावकाश वळले.

"पिंडर. तू?"

"हो सर. खुर्ची नव्हती, उभ्याने बघितलं."

मिसेस हॉलब्रुकचा चेहरा आधी कोरा होता. मग त्यांना ते लिंबू सरबत आठवलं असावं, कारण त्या मानेपासून लाल होत गेल्या.

"हे क्लबला हवं," कॅप्टन म्हणाले. त्यांचा आवाज आज व्हरांड्यातला नव्हता. "तू सांगशील तो आकडा."

"विकायचं नाही, सर."

"अगं, पण इथे? या जेवणघरात? कोण बघणार?"

"ज्यांची झाडं आहेत ते बघतात. तुम्हीही या ना बघायला, कधीही. अंधार पडल्यावरसुद्धा. आमच्याकडे कार्ड लागत नाही."

खिडकीबाहेर कुणीतरी खुसकन हसलं आणि गप्प झालं. मिसेस हॉलब्रुकनी हातमोजे घालायला सुरुवात केली. "म्हणजे तू माफी मागणार नाहीस."

"नाही मॅम. तुमचे टेबलक्लॉथ इकडे पाठवत जा. मी घरी इस्त्री करून देईन, वाफेवर. पण पूल ओलांडून यायची नाही मी, माझ्यासाठी सूर्यास्त लवकर होतो त्या ठिकाणी."

त्या बाहेर जाऊन मोटारीत बसल्या. कॅप्टन मात्र हलले नाहीत. ते चित्रातल्या ओकच्या बुंध्यापाशी वाकले होते.

"हे ठिपके कसले? पक्षी?"

"चादरी आहेत सर. क्लबच्या. तुमचीही असेल त्यात एक."

कॅप्टननी मागे न बघता हॅट काढली. बाहेर मोटारीचा भोंगा एकदा वाजला, पुन्हा वाजला. ओझेलाने उरलेली दोन रताळी सोलली, हात धुतले, एप्रन खुंटीला लावला. म्हाताऱ्याला अजून बराच वेळ लागणार असं दिसत होतं, आणि तिला थांबता येण्यासारखं नव्हतं. अंगणात ओकला चार बोर्ड ठोकलेले होते, आभाळं ओली होती, आणि झाडं ओल्यावरच घालावी लागतात.

"जाताना दार ओढून घ्या, सर," ती म्हणाली. "कुत्रं शिरतं आत."